गाडी कुणी थांबवायची?

जंगलाच्या सहलीची चौकशी करायला येणारा पुणेकर पहिला प्रश्न वाघाचा विचारत नाही. पहिला प्रश्न जेवणाचा. दुसरा, खोलीला गरम पाणी असतं का. वाघ तिसऱ्या क्रमांकावर येतो आणि तोही "नक्की दिसेल ना?" अशा, भाजीवाल्याला विचारावं तशा सुरात. गेल्या काही वर्षांत चौथा प्रश्न या यादीत शिरलाय आणि हळूहळू वर सरकतोय. ग्रुपबरोबर जावं, की आपलं आपण गाडी घेऊन?

टिळक रस्त्यामागच्या गल्लीतल्या एका छोट्या सहल-कार्यालयात मी नोकरी करते. अर्धं वर्ष टेबलाच्या या बाजूला, उरलेलं अर्धं टूर लीडर म्हणून ताडोबा, कान्हा आणि जुलैपासून पुढे केनिया. त्यामुळे हा प्रश्न मला ऑफिसात विचारला जातो आणि त्याचं उत्तर जंगलात मिळतं. ही दोन्ही माणसं, विचारणारी आणि भोगणारी, मी जवळून पाहिली आहेत. कधी कधी ती वेगवेगळी असतात. बाबा ठरवतात, आई भोगते.

ग्रुप टूर हे प्रकरण मराठी मध्यमवर्गाच्या घरात रुजून आता चार दशकं झाली. केसरी १९८४ ची, वीणा वर्ल्ड २०१३ ची. त्याआधी यात्रा कंपन्या काशी-रामेश्वर करतच होत्या. टेल्को, किर्लोस्कर किंवा बँक ऑफ महाराष्ट्रमधून निवृत्त झालेले काका-काकू अजूनही ग्रुपच मागतात. भाषा आपली, सोबत आपली, रात्री पोहोचल्यावर वरणभात मिळण्याची शक्यता बरी, आणि कुणी आजारी पडलं तर धावपळ करायला एक मुलगी बरोबर आहे. ती मुलगी म्हणजे मी. आता पंचेचाळिशीत आले तरी त्यांच्या हिशेबी मुलगीच.

टेबलाशी दुसरी एक जात येते. हिंजवडी, खराडी, बाणेर. यांनी स्वतःची गाडी लेहपर्यंत नेलेली असते, गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची गाडी घेतलेली असते, आणि प्रोजेक्टवर अमेरिकेत असताना यलोस्टोन पालथं घातलेलं असतं. ग्रुप म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे झेंडा, शिट्टी आणि "चला, चला, पाच मिनिटं!" उभं राहतं. सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. शिट्टी माझ्या पर्समध्ये असते. ती मी अस्वलासाठी ठेवलीय असं सांगते.

दोन्ही पक्ष एकमेकांना जी नावं ठेवतात ती मला फारशी पटत नाहीत. ग्रुपवाले म्हणतात सुरक्षितता, गाडीवाले म्हणतात स्वातंत्र्य. प्रत्यक्ष जंगलात भांडण होतं ते वेगळ्याच गोष्टीवरून. गाडी कुठे थांबवायची, किती वेळ थांबायचं आणि हलायचं कधी, हे कुणी ठरवायचं? माणूस पैसे मोजतो ते या हक्कासाठी, किंवा या हक्काच्या जबाबदारीतून सुटण्यासाठी. ही गोष्ट कळायला मला बरेच हंगाम लागले. आता मी गिऱ्हाइकाला बजेट नंतर विचारते. आधी विचारते, घरात गाडी कोण चालवतं आणि शेजारी कोण बसतं?

ताडोब्यापुरता हा प्रश्न सरकारनेच सोडवलाय. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प झालेल्या या जंगलात एके काळी मोहर्लीच्या फाटकावरून गाइड बसवून आपली गाडी आत नेता येत असे. जुनी गिऱ्हाइकं अजूनही "आम्ही मारुती ८०० घेऊन तळ्यापर्यंत गेलो होतो" असं सांगतात. आता कोअरमध्ये नोंदणीकृत जिप्सीच. सहा पर्यटक, एक चालक, एक गाइड. गाइडमध्ये हल्ली गावातल्या मुलीही असतात. आरक्षण ऑनलाइन, ओळखपत्राच्या नंबरासकट. मंगळवारी बंद. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर बंद. तरीही दर महिन्याला कुणीतरी आमच्याकडे नवीकोरी एसयूव्ही घेतल्याचं सांगून "फोर बाय फोर आहे, आत सोडतील ना?" असं विचारतंच. नाही सोडत. फॉर्च्युनर असो की टँक, फाटकाबाहेर चिंचेखाली लावायची.

माडगूळकर आणि चितमपल्ली वाचून आलेल्या वाचकांची याहून पंचाईत. त्यांना जंगलात पायी हिंडायचं असतं, पाणवठ्याशी बसून राहायचं असतं. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' वाचलेल्या एका काकूंना मी कोअरमध्ये जिप्सीतून पायसुद्धा खाली ठेवता येत नाही असं सांगितलं, तेव्हा त्या माझ्याकडे असं बघत राहिल्या की जणू पुस्तक मीच रद्द केलंय.

म्हणजे ताडोब्यात स्वतःची गाडी फक्त फाटकापर्यंत. मग लोक तो टप्पा तरी सोडत नाहीत. पुणे ते चंद्रपूर सातशे-साडेसातशे किलोमीटर. अहिल्यानगरवरून पुढे जाऊन समृद्धीला लागलं की सरळ रस्ता, ताशी १२० ची मर्यादा. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून "रात्री जेवून निघतो, पहाटे फाटकावर" हा बेत फार लोकप्रिय झालाय. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला येणारी खासगी बस याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्या सकाळी आमच्या ऑफिसात कुणी काम केलं नाही. त्या वाटेने आमचीही माणसं जा-ये करत असतात. तेव्हापासून रात्रीच्या या बेताला मी तोंडावर विरोध करते. अगदी गिऱ्हाईक गेलं तरी. पुण्याहून नागपूरला रेल्वेने जा, आता वंदे भारतही आहे, आणि पुढचे शंभर-सव्वाशे किलोमीटर कोलाऱ्यापर्यंत भाड्याच्या गाडीने.

ऐकत नाहीत ते नाहीतच. कोथरूडचं एक कुटुंब असंच रात्रभर गाडी हाकून पहाटे पोहोचलं आणि थेट जिप्सीत चढलं. मी पुढच्या गाडीत होते. तासाभराने रस्त्याच्या कडेच्या बांबूतून वाघीण बाहेर आली, आमच्या दोन गाड्यांच्या मधून रस्ता ओलांडून गेली. मागच्या जिप्सीत बायको, मुलगा, मुलगी, गाइड सगळे उभे. साहेब झोपलेले, मान मागच्या सीटवर टाकून, तोंड उघडं. गाइडने खुणेनं विचारलं, उठवू का? बाईंनी मान हलवली. नंतर चहाच्या टपरीवर त्या म्हणाल्या, "रात्रभर जागलेत हो. आणि उठवलं असतं तर ओरडले असते. मग वाघीणच पळाली असती." साहेबांनी परतीच्या वाटेवर सगळ्यांचे मोबाइल तपासले. आत मोबाइल चालत नाहीत, त्यामुळे फोटोही नाही. बिचाऱ्यांना घरच्यांच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला.

आता ग्रुपची बाजू, कारण ती माझ्या पोटापाण्याची आहे आणि तिच्यातलं काळंबेरं मला ठाऊक आहे.

एका जिप्सीत सहा माणसं. एकाला नवरंग पक्षी हवा, तिघांना वाघाव्यतिरिक्त काहीही नको, एकाला वाघ दिसला नाही तर पैसे वसूल कसे होतील याची काळजी, आणि सहावीला फाटकातून आत शिरल्यापासून बाथरूमला जायचंय पण ती बोलत नाही. सकाळच्या साधारण चार तासांत या सहा जणांचं सरकार चालवायचं असतं. बहुमत नेहमी "पुढे चला" असंच म्हणतं. थांबायचं म्हटलं तर कारण द्यावं लागतं, हलायला कारण लागत नाही. चालकाचंही मन पुढेच असतं, कारण वाघ दाखवला की बक्षिशी वाढते, आणि कुठे दिसलाय ही खबर समोरून येणाऱ्या गाड्यांकडून मिळतच असते. मग दहा-बारा गाड्या एका वळणावर.

ग्रुप, गाइड, परवाना हे सगळं असलं की वागणूक चांगलीच असते, असा भ्रम आमच्या धंद्यात जोपासला जातो. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एफ-टू वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली. त्या सगळ्या परवान्याच्या गाड्या होत्या, प्रत्येकीत गाइड होता. चालक-गाइडांवर निलंबनाची कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या जिप्सींतल्या पर्यटकांपैकी एकानेही "जरा मागे घ्या" म्हटलं नसेल का? मला वाटतं एखाद-दुसऱ्याने म्हटलं असेल. पण मागे घेण्याचा हक्क कुणाकडेच नव्हता. पुढच्याला मागचा अडवत होता, मागच्याला त्याच्या मागचा.

२०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन तात्पुरतं थांबवलं होतं. ऑक्टोबरात मार्गदर्शक तत्त्वांसह परवानगी परत आली. ते अडीच-तीन महिने आमच्या मालकांनी फोन उचलायचं काम माझ्यावर सोपवलं. ऑक्टोबराचं बुकिंग अडकलेलं, लोक चिडलेले. पण त्या काळात एक फायदा झाला. गिऱ्हाइकांशी वाघाच्या हमीशिवाय बोलायची सवय लागली.

म्हणून आमच्या ग्रुपचं खरं काम पुण्यातच होतं, निघण्याच्या आदल्या आठवड्यात, गाड्यांची वाटणी करताना. मी प्रत्येकाला फोन करते. कॅमेऱ्याचं भिंग किती मोठं, हे विचारते. गुडघे कसे आहेत, हे विचारते. पक्ष्यांची वही बाळगता का? लहान मूल किती वेळ गप्प बसतं? उत्तरांवरून जिप्सी जुळवायची. मोठ्या भिंगवाल्यांची एक गाडी: त्यांना उजेड हवा, कोन हवा, ते एका सांबरापाशी अर्धा तास काढतात आणि एकमेकांना त्याचा राग येत नाही. पहिल्यांदा आलेल्यांची एक गाडी, तिच्यात मी स्वतः बसते. नवराबायकोंना वेगवेगळ्या गाड्यांत बसवण्याचा प्रयोगही केलाय. सुरुवातीला आरडाओरडा होतो. संध्याकाळी दोघांकडेही सांगायला वेगळं काहीतरी असतं, आणि जेवणाच्या टेबलावर जी गंमत येते ती बघण्यासारखी. गुडघेदुखीवाल्यांना जिप्सीची मधली सीट द्यायची, मागची उंच सीट नाही; मागे धक्के बसतात. ही वाटणी नीट जमली की सहल नीट होते. वाघ त्यानंतर.

केनियात हाच खेळ मोठ्या पटावर. मसाई माराचं राखीव क्षेत्र दीड हजार चौरस किलोमीटरचं, आणि जुलै ते ऑक्टोबरात वाइल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात म्हणून जगभरातून माणसं येतात. परदेशी पर्यटकाला वर्षाच्या पहिल्या सहामाहीत बारा तासांचे १०० डॉलर, जुलैपासून २००. हे आकडे टेबलावर ठेवले की चर्चा एकदम शांत होते. केनियात स्वतः गाडी चालवता येत नाही असं नाही. येते, शिवाय आपल्यासारखीच डाव्या बाजूने. पण माराच्या वाटा पावसात कशा होतात हे पाहिलेलं असल्याने, आणि मोठी बस नको पण चालक हवाच या मताची असल्याने, मी तिथे ग्रुपच्याच बाजूने आहे. छप्पर वर उचललं जाणारी लँड क्रूझर, प्रत्येकाला खिडकी, आणि चालक तोच गाइड.

एका ऑगस्टात नदीकाठी आम्ही जवळजवळ सगळी दुपार थांबलो. पलीकडच्या काठावर हजारोंचा कळप. पुढचे चार-पाच उतरायचे, पाण्याशी नाक लावायचे, परत वर जायचे. आमच्या दोन गाड्यांपैकी एकीत तरुण जोडपी होती. दीड तासाने त्यांचा धीर संपला आणि ती गाडी सिंह शोधायला गेली. दुसरीत निवृत्त शिक्षिका, त्यांच्या दोन बहिणी आणि एक विहीणबाई. त्यांनी चिवड्याचा डबा उघडला आणि चालकाची चौकशी सुरू केली. तो मसाई होता. गाई किती? लग्नात गाई द्याव्या लागल्या का? म्हणजे आपल्याकडे उलटं. शाळा किती लांब होती? मुलीला शिकवतोस ना? त्याच्या इंग्रजीला शिक्षिकाबाईंचं इंग्रजी सापडलं आणि दोघं तासभर बोलत राहिले. कळपाने त्या दिवशी नदी ओलांडलीच नाही. संध्याकाळी लॉजवर तरुणांच्या गाडीकडे सिंहाच्या सात बछड्यांचे फोटो होते. बायकांच्या गाडीकडे फोटो नव्हता, पण त्या माणसाच्या मुलीचं नाव, तिची शाळा आणि तिला पाठवायच्या पुस्तकांची यादी होती. ती पुस्तकं पुढे खरंच गेली, अप्पा बळवंत चौकातून. ग्रुपबरोबर गेल्यावर गाडीत जो परका माणूस येतो तो एवढा मोलाचा असू शकतो. स्वतः गाडी चालवणाऱ्याला तो मिळत नाही.

पण २०२५ च्या जुलैत त्याच नदीकाठी गाड्यांतून उतरून काठावर गर्दी केलेल्या पर्यटकांची चित्रफीत जगभर फिरली. कळपाची वाटच अडली होती. तीही बहुतेक सगळी चालक-गाइड घेऊन आलेलीच माणसं. म्हणून चालक कसा आहे हे मी नैरोबीच्या एजंटला खोदून विचारते, आणि तो कुणाच्या ओरडण्याने गाडी पुढे घेत नाही, असं कळलं की खूश होते. गिऱ्हाइकांना हे सांगत नाही.

आता क्रूगर, जिथे प्रश्न खऱ्या अर्थाने आपल्या हातात येतो. दक्षिण आफ्रिकेतलं हे उद्यान १९,००० चौरस किलोमीटरहून मोठं, म्हणजे आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्याहून मोठं. १९२६ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९२७ मध्ये पहिल्यांदा पर्यटकांच्या मोटारी आत सोडल्या; त्या वर्षी तीन आल्या. तेव्हापासून क्रूगर म्हणजे आपली गाडी आपण चालवायची, हीच तिथली रीत. डांबरी रस्त्यावर ताशी ५०, कच्च्यावर ४०. काळोख पडायच्या आत मुक्कामाच्या कॅम्पमध्ये, फाटक बंद झालं की दंड. कॅम्प आणि ठरवून दिलेल्या काही जागा सोडल्या तर गाडीबाहेर पाऊल नाही, खिडकीतून धड बाहेर काढायचं नाही.

मी, नवरा आणि मुलगी असे गेलो होतो. काम म्हणून नव्हे, रजा टाकून. पहिल्याच सकाळी लक्षात आलं की गाडी चालवणाऱ्याला जंगल दिसत नाही. त्याला रस्ता दिसतो, रस्त्यावरचं कासव दिसतं, समोरून येणाऱ्या गाडीचा चेहरा दिसतो. आळीपाळीने चालवू म्हणावं, तर चालक बदलायलाही खाली उतरता येत नाही. पुढच्या कॅम्पपर्यंत ज्याच्या हाती स्टिअरिंग त्याच्याच हाती. मुलगी मागून ओरडायची, "बाबा, थांब!" तोवर आपण वीस फूट पुढे. मागे घ्यावं तर मागे कुणीतरी उभं. नवऱ्याला हत्तीची भीती वाटत नव्हती. त्याला भाड्याच्या गाडीवरच्या ओरखड्याची भीती वाटत होती. क्रूगरमध्ये हत्तीने मोटार उलटी केल्याचे व्हिडिओ त्यालाही कुणीतरी निघण्याआधी पाठवलेच होते.

लोअर साबी कॅम्पजवळ सनसेट डॅम नावाचं तळं आहे, अगदी रस्त्याला लागून. तिथे आम्ही इंजिन बंद करून बसलो. किती वेळ, ते आठवत नाही. पाणघोडे, मगरी, बगळे, पाण्यावर आलेला जिराफ, पुढचे पाय फाकवून, मान खाली घालून, मध्येच दचकून परत उभा राहणारा. कुणी "पुढे चला" म्हटलं नाही, कारण म्हणणारं कुणी नव्हतंच. एवढी वर्षं मी माणसांना जंगलात नेते, पण घड्याळ न बघता बसले ती तिथेच. गाडीवाल्यांचं म्हणणं मला त्या दिवशी समजलं.

तरी एक गोष्ट राहतेच. आम्हाला बघता येत होतं, कारण बघायला आम्हाला आधी कुणीतरी शिकवलं होतं; ताडोब्यातल्या, कान्ह्यातल्या गाइडांनी. वानर कुठल्या दिशेला बघून ओरडतंय, गिधाडं झाडावर बसलीत की खाली उतरतायत, हे न कळणारा नवा माणूस क्रूगरमध्ये दिवसभर झेब्रे मोजत फिरतो आणि संध्याकाळी कॅम्पमधल्या फळ्यावर इतरांनी लावलेले सिंहाचे चुंबकी ठिपके बघून हळहळतो. त्यांना मी एक उपाय सांगते. पहिल्याच संध्याकाळी उद्यानाच्याच गाडीतून, त्यांच्या गाइडबरोबरची फेरी घ्या. अंधारात फिरायची परवानगी तशीही तिलाच आहे. मग उरलेले दिवस आपली गाडी.

कागदपत्रांचं थोडक्यात. संगम पुलाजवळच्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, वर्षभर चालतो. नैरोबीमार्गे जाणार असाल तर पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड लागू शकतं. लस निदान दहा दिवस आधी, एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. मलेरियाच्या गोळ्यांसाठी आपल्या डॉक्टरांशी बोला. आणि नकाशाचं ॲप जो जवळचा रस्ता दाखवील तो डोळे मिटून घेऊ नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रूगरच्या नुम्बी फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लुटारूंनी एका जर्मन पर्यटकाला गोळी घातली. सिंहाला घाबरणारं गिऱ्हाईक या रस्त्याबद्दल कधी विचारत नाही, म्हणून मीच सांगते, आणि दुसरं फाटक लिहून देते.

प्रभात रस्त्यावरच्या एका काकांचा मुलगा ह्यूस्टनला असतो. त्याने आईवडिलांना क्रूगर दाखवायचं ठरवलं, गाडी तोच चालवणार. काका चोरून माझ्याकडे आले. म्हणाले, "मला माराचा ग्रुप द्या. मुलाबरोबर चार दिवस एका गाडीत बसून बोलायचं काय?" मी त्यांना ग्रुप दिला नाही. धंद्याच्या दृष्टीने मूर्खपणा, मालकांनी तसं सुनावलंही. काका परत आल्यावर पेढे घेऊन आले. बोलणं झालं का, विचारलं. म्हणाले, "भरपूर. तो रस्त्याकडे बघत होता, मी झाडीकडे. एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलं नाही, त्यामुळे बरं पडलं. काकू मागे झोपल्या होत्या."

आफ्रिकेचं एवढं बोलले, पण या प्रश्नाचं सगळ्यात अवघड रूप मला पुण्यापासून दोन-अडीच तासांवर भेटतं. सोलापूर रस्त्याने भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित आणि पट्टकदंब बघायला जाणं सोपं. तिथे गाडी काठावर लावून कोळ्याच्या होडीत बसायचं, आणि होडी त्याचीच. पण तिथून आत, इंदापूर-बारामतीच्या माळरानावर, फाटक नाही, कुंपण नाही. लांडगा, चिंकारा, तरस, खोकड. गवतातले चंडोल, थंडीतले भोवत्या. आणि कुणीही गाडी घेऊन जावं अशी रस्त्यांची जाळी. रस्ता सोडून गवतात शिरलं तरी थांबवणारं कुणी नाही.

शनिवारी पहाटे पुण्याहून गाड्या निघतात. एकाला लांडगा दिसला की जागेची खूण व्हॉट्सॲपवर, तासाभरात आणखी गाड्या. थंडीत लांडगीची पिल्लं असतात. बिळाशी माणसांची वर्दळ वाढली की ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते; आणि त्या हलवाहलवीत कुत्री असतात, वाहनं असतात. पुण्यातल्या द ग्रासलँड्स ट्रस्टसारख्या संस्था या लांडग्यांचा अभ्यास करतायत, गावकऱ्यांना बरोबर घेतायत. वनखात्याने कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केलीय. आरक्षण करायचं, आपली गाडी नेता येते, पण गावातला प्रशिक्षित गाइड शेजारी बसवावा लागतो.

मला ही पद्धत फार आवडली. स्टिअरिंग आपल्या हाती आणि कुठे थांबायचं, कुठे बिलकुल थांबायचं नाही, हे तो ठरवणार. एकदा आमचा गाइड धनगराच्या घरातला मुलगा होता. लांडगा बराच लांब, बांधावर बसलेला. गाडीतल्या साहेबांनी दार उघडायला हात घातला. मुलगा म्हणाला, "सायेब, दार नका उघडू. मेंढरामागं माणूस चालला तर तो मान पन वर करत न्हाई. दार वाजलं की उठतोय." आणि पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाला, "चला आता. लई झालं." साहेबांना ते लागलं. पैसे यांचे, गाडी यांची, आणि विशीतला पोरगा हलायला सांगतोय. माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होते.

लोक माझ्याकडे बिळाची जागा मागतात, तेव्हा मी देत नाही. रस्ता सरकारी, गाडी माझी, मग तुमची परवानगी कशाला, असा वाद एकाने घातला. वाद कायद्याने तो बहुधा जिंकला असता. मी त्याला कडबनवाडीच्या बुकिंगचा पत्ता दिला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

हल्ली मारा की क्रूगर, ग्रुप की आपली गाडी, अशा पेचात अडकलेल्यांना मी आधी एका रविवारी कडबनवाडीला पाठवते. परवाच बावधनचं एक कुटुंब जाऊन आलं. नवरा नाराज. गाइडने एका खडकाशी अर्धा तास थांबवलं आणि तिथे काहीच आलं नाही म्हणे. आठवीतल्या मुलीने मात्र त्या अर्ध्या तासात चंडोलाच्या किती प्रकारच्या शिट्ट्या ऐकल्या ते वहीत लिहून आणलं होतं. बायकोला गाइड आवडला. तिला मारा हवंय, कुणीतरी बरोबर असलेलं. नवऱ्याला क्रूगर. मुलीला विचारलं तर म्हणाली, गाडी बाबा चालवणार असेल तर मला पुढची सीट पाहिजे. आई म्हणाली, मग मी कुठे बसू? यावर तिघांचं माझ्या टेबलापाशीच सुरू झालं. दोन्ही सहलींचे कागद मी त्यांच्यापुढे ठेवलेत. विमानाचे दर सारखे बदलतात, म्हणून सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायला सांगितलंय.